पूजेतलं पिस्तूल

दसरा झाला की पुढचे दोन दिवस माझे हळद काढण्यात जायचे. वसमतची हळद एकदा रायफलीच्या खाचेत बसली की सहज निघत नाही. तेल लावलं तर लगदा होतो, कोरड्या चिंधीनं पुसलं तर आणखी पसरते. दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी शस्त्रागाराच्या ओसरीवर बसायचो आणि हत्यारांची पूजा करणाऱ्यांच्या नावानं खडे फोडायचो. ती पूजा दर खंडेनवमीला मीच करायचो, याची मात्र त्या वेळी कुणी आठवण करून दिलेली मला चालायची नाही.

डोंगरकड्याच्या बाजूच्या एका गावातल्या गुरवाचा मी मुलगा. वडील महादेवाच्या देवळात, मी पोलिसात. हवालदार झाल्यावर हत्यारं शिकवायचा कोर्स करून आलो आणि हिंगोलीच्या मुख्यालयात शिकवायला लागलो. आमच्या खात्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. चौदा वर्षं मी उस्ताद होतो. पोलीस ठाण्यांवरून माणसं दहा-दहा दिवसांसाठी यायची, हत्याराची उजळणी करायची, परीक्षा द्यायची आणि परत जायची. रायफल आणि पिस्तूल कसं धरायचं, कसं भरायचं, कसं खाली म्हणजे रिकामं करायचं, एवढंच मी शिकवत होतो. नेम नंतर येतो. आधी आपल्या हातून आपलंच माणूस मरू नये, हे बघावं लागतं.

शिकवायला मी कडक होतो. खरं सांगायचं तर तापट होतो, आणि त्यालाच कडक म्हणत होतो. बोट विनाकारण ट्रिगरवर दिसलं की माझा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. नळीचं तोंड माणसाकडं वळलं तर मी त्या माणसाला उन्हात उभा करायचो. आणि एक गोष्ट मी रोज सकाळी सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचो. हत्यार हातात आलं की स्वतः उघडून बघायचं. समोरचा ‘खाली आहे’ म्हणाला तरी बघायचं. समोरचा साहेब असला तरी बघायचं, उस्ताद असला तरी बघायचं.

याच्या जोडीला मी एक घड्याळ आणलं होतं. पिस्तूल तपासायचं, भरायचं, पुन्हा खाली करायचं, हे सगळं ठरावीक वेळात झालं पाहिजे, असा नियम मी लावला. तो वरून आलेला नव्हता, माझाच होता. एका जुन्या साहेबांना चपळ माणसं आवडायची, त्यांच्यासाठी सुरू केला आणि ते बदलून गेले तरी चालूच ठेवला. शिट्टी वाजवून घड्याळाकडं बघत उभं राहणं मला आवडायचं, दुसरं काही कारण नव्हतं.

त्या वर्षीच्या तुकडीत एक महिला शिपाई होती. कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरची. तांड्यावरून पोलिसात आलेली ती पहिलीच बाई. नेमणूक वारंगा फाट्याच्या बाजूला, हायवेच्या बंदोबस्ताला. तिथं ड्युटीला वेळ-काळ नसतो. अपघात झाला की पळा, रास्ता रोको झाला की उभे राहा. तिचं दोन वर्षांचं लेकरू तांड्यावर तिच्या आईजवळ होतं. नवरा ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक चालवायचा, म्हणजे सहा महिने घरात नाही. मुख्यालयात महिला गार्डची एक जागा रिकामी झाली होती. बांधलेली पाळी, आवारातच राहायला खोली. ती जागा मिळाली तर लेकरू जवळ आणता येणार होतं. पण सशस्त्र गार्डसाठी माझ्या परीक्षेत पास झालेलं असावं लागतं. पहिल्या परीक्षेत मी तिला नापास केलं होतं.

चुकली म्हणून नव्हे, तर वेळ संपली म्हणून. ती प्रत्येक वेळी दोनदा बघायची. मॅगझिन काढायची, वरची स्लाइड मागं ओढायची, आत नजर टाकायची, मग करंगळी घालून चाचपायची. पुन्हा स्लाइड ओढायची, पुन्हा बघायची. माझी शिट्टी वाजून जायची आणि हिचं चाचपणं चालूच.

“बाई,” मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, “पिस्तूल हाय ते. तांदूळ निवडायला बसलीस काय?”

बाकीचे हसले. ती हसली नाही, रागावलीही नाही. “एकदा बघितलं की मनाला पटत न्हाई, उस्ताद,” एवढंच म्हणाली. मी तिला दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख दिली. ती संधी शेवटची होती, आणि तोवर तिला मुख्यालयातच पूजेच्या पहाऱ्यावर लावलं होतं.

खंडेनवमी त्या वर्षी शुक्रवारी आली. मी पहाटेपासून दसऱ्याच्या मैदानावर बंदोबस्ताला होतो. कमरेला भरलेलं पिस्तूल. मॅगझिनमध्ये राउंड म्हणजे गोळ्या, नळीमागचा चेंबर मोकळा, जसं नेहमी असतं तसं. पूजा अकराला. पावणेअकरापर्यंत माझी जागा घ्यायला कुणी आलं नाही, आणि मी मुख्यालयात पोचलो तेव्हा साहेब ओसरीवर येऊन थांबले होते. लाल कापड अंथरलेलं, मागं भिंतीला टेकून रायफली, पुढं कापडावर पिस्तुलं. मधली जागा रिकामी होती. तिथं दरवर्षी उस्तादाचं पिस्तूल ठेवायची आमच्याकडं पद्धत आहे, आणि सगळे त्याचीच वाट बघत होते.

बंदोबस्तावरून आल्यावर पिस्तूल खाली करायची जागा ठरलेली असते. शस्त्रागाराच्या मागं वाळूची पेटी आहे. तिच्यात नळी धरून सगळं करायचं आणि शेवटी वाळूवर एकदा ट्रिगर दाबायचा. काही राहिलं असेल तर वाळूत जातं. ती पेटी ओसरीपासून वीस-पंचवीस पावलांवर होती. मी गेलो नाही. जागेवरच भिंतीकडं वळलो, स्लाइड ओढली, काही पडलं नाही, मग मॅगझिन काढून खिशात घातलं. हात धुतले, पिस्तूल मधोमध ठेवलं आणि ताट घेतलं.

ज्याला हत्यार माहीत आहे त्याला इथंच कळलं असेल. आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलटं केलं तर स्लाइड मॅगझिनमधला वरचा राउंड उचलून चेंबरमध्ये घालते. मग मॅगझिन काढा, पिस्तूल रिकामं दिसतं, आणि आत एक बसलेला असतो. जुन्या पिस्तुलात निदान घोडा चढलेला दिसायचा. या नव्यात बाहेरून काही कळत नाही. हे मी नवशिक्यांना पहिल्याच दिवशी फळ्यावर आकृती काढून सांगायचो.

मी पूजा केली. चांगली केली, कारण ती मला येते. प्रत्येक हत्याराला हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. पिस्तुलांची तोंडं समोर, म्हणजे लोकांकडं. भिंतीकडं केली तर फोटोत नुसत्या मुठी दिसतात, म्हणून असं कधीतरी ठरलं आणि तसंच चालत आलं. नारळ फुटला, साहेबांनी नमस्कार केला. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, हाही आमचा नियम. पहारा बदलताना येणारा माणूस लांबूनच मोजतो आणि वहीत सही करतो. पूजेला हात कोण लावणार?

चार वाजल्यापासून पोलीस लाइनीतल्या बायका दर्शनाला येऊ लागल्या. माझी बायकोही आली. ती सगळ्यांत आधी मधल्या पिस्तुलाकडं गेली, वाकून कुंकू लावलं, पदर पुढं घेऊन नमस्कार केला. नवऱ्याचं हत्यार म्हणून तिला त्याचं कौतुक. शेजारणीला दाखवतही होती. मी खांबाला टेकून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं.

पाच वाजता पहारा बदलला. आली ती तांड्याची शिपाई. वही हातात घेतली, सही केली नाही. बायकांना नम्रपणे म्हणाली, “मावशी, जरा मागं व्हता का, चार्ज घ्यायचाय.” बायका सरकल्या. तिनं बूट काढले, कापडापुढं गुडघ्यावर बसली, हात जोडले, आणि डावीकडचं पहिलं पिस्तूल उचललं. तोंड भिंतीकडं वळवून उघडलं, बघितलं, चाचपलं, तोंड भिंतीकडंच ठेवून खाली ठेवलं. फूल पुन्हा वर ठेवलं. मग दुसरं.

बायकांत कुजबुज झाली. माझी बायको मोठ्यानंच म्हणाली, “पूजेतलं उचलून राहिली की हो ही.” मी तरातरा पुढं गेलो.

“ए बाई, हात काढ. पूजा हाय ती. तुला कुणी शिकवलं हे?”

“तुमीच, उस्ताद,” ती म्हणाली. उलट बोलण्याचा सूर नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. आणि तिनं मधलं पिस्तूल उचललं.

मी तिच्या आणि बायकांच्या मधे, तिच्यावर वाकून उभा होतो. त्यांना माझी पाठ दिसत होती, तिचे हात दिसत नव्हते. तिनं भिंतीकडं तोंड करून स्लाइड ओढली आणि आतून एक राउंड तिच्या तळहातावर पडला. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी राउंडकडं बघत होतो. मग तिनं मूठ मिटली, दुसऱ्यांदा स्लाइड ओढली, करंगळीनं चाचपलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “खाली आहे, उस्ताद.”

आणि पुढचं उचललं.

बायका गेल्यावर तिनं तो राउंड माझ्या हातात ठेवला. हळदीनं तिची बोटं पिवळी झाली होती. मी मॅगझिनमधल्या राउंडांत तो मिळवला आणि शस्त्रागारात जमा केले. घेतले होते तेवढे भरले. वहीत बराबर जुळलं. कुठंही काही उरलं नाही.

दसऱ्याला साहेबांनी मला बोलावलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की त्या शिपायानं पूजा विटाळली आणि उस्तादांनी थांबवलं तरी ऐकलं नाही. साहेब म्हणाले, “परीक्षेच्या निकालाबरोबर तिच्या वागणुकीबद्दल तुमचा शेरा लिहून द्या. गार्डला सूचना ऐकणारं माणूस पाहिजे.” मी “होय साहेब” म्हणालो.

त्या क्षणी सांगता आलं असतं. साहेब भले होते, बसा म्हणाले होते. पण चौदा वर्षांत माझ्या हातून राउंड राहिला नव्हता, आणि जिल्ह्यातला निम्मा पोलीस माझ्या हाताखालून गेलेला. शेगाव खोडक्यापासून औंढ्यापर्यंत कुठल्याही ठाण्यात गेलो तरी कुणीतरी उठून खुर्ची द्यायचं. ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली. दुसरं काही आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

शनिवार गेला. रविवारी हळद काढायला बसलो. त्या पिस्तुलाला मी तीनदा पुसलं. शेऱ्याचा कागद खिशात होता. ‘सूचना ऐकत नाही’ एवढं लिहिलं असतं तरी लेकरू तांड्यावर राहिलं असतं आणि आई फाट्यावर. ‘वागणूक समाधानकारक’ लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, मग पूजेत काय झालं? तिसरं काहीतरी गोलगोल लिहिता येतंय का, ते मी दिवसभर शोधत होतो.

संध्याकाळी बायकोनंच विषय काढला. “त्या पोरीला काय शिक्षा झाली का न्हाई? तिला काय कळतंय पूजेचं.”

मी म्हणालो, “तू कुंकू लावलंस ना, त्या पिस्तुलात गोळी होती.”

ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. “मी वाकले तवा?”

“व्हय.”

“तोंड कुणाकडं व्हतं?”

“तुझ्याकडं.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तेव्हा मीच उतरवली. मग ती म्हणाली, “अन् ठेवली कुणी व्हती?”

“मी.”

“मग त्या पोरीवर काहून खेकसलात तुमी?” तिनं पुन्हा पीठ घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही. त्या रात्री जेवण वाढलं, पण माझ्याबरोबर बसली नाही.

सोमवारी परीक्षा दहाला होती. मी साडेआठलाच साहेबांच्या खोलीत गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाळूची पेटी, उलटा क्रम, राउंड, तिची मूठ, माझे तीन दिवस. घड्याळाचंही सांगितलं, की तो नियम माझ्या मनचा आहे आणि ती त्याच्यामुळं नापास झाली, चुकीमुळं नव्हे. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, “हे लिहून द्या. चौकशी होईल. तोवर तुम्ही शिकवणार नाही. आजची परीक्षा दुसरं कुणीतरी घेईल.” मी तिथंच बसून दोन पानं लिहिली. लिहिताना इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. आपण मोठं काम केलं, असंही मला थोडं वाटायला लागलं होतं.

बाहेर आलो तर दाराजवळच्या बाकावर ती बसली होती. पूर्ण गणवेशात, हातात घडी केलेला कागद. मला बघून उठली.

“इथं काय करून राहिलीस? परीक्षा हाय तुझी,” मी म्हणालो.

“साहेबांना भेटायचंय.”

“काही गरज न्हाई आता. मी सांगून आलो सगळं.”

तिनं मान हलवली. तिला बरं वाटलेलं दिसलं, पण ती दारापासून हलली नाही. मी हात पुढं केला. तिनं थोडा विचार करून कागद दिला.

अर्ज होता. अक्षर गोल, शाळेतल्यासारखं. खाली तारीख खंडेनवमीची. पहिलं वाक्य असं होतं: चार्ज घेताना एका पिस्तुलात जिवंत राउंड सापडला असता मी तो त्याच वेळी वरिष्ठांना कळवला नाही व मोठ्याने पिस्तूल खाली असल्याचे सांगितले, ही माझी चूक आहे, त्याबद्दल होईल ती शिक्षा मला मान्य आहे. दुसऱ्या वाक्यात पिस्तुलाचा नंबर होता. पुढं बायकांची गर्दी होती, गोंधळ होऊन कुणी हत्यारांवर पडू नये म्हणून तसं बोलले, असं होतं. पूर्ण अर्जात माझं नाव नव्हतं, नुसता नंबर.

“हे त्याच दिवशी लिहिलंस?”

“व्हय. पहाऱ्यावरच लिहिलं.”

“मग दिलं काहून न्हाई?”

“तुमी आधी जाल असं वाटलं व्हतं, उस्ताद. तुमच्या आधी म्या जाणं बरं दिसलं नसतं. शनिवारी वाट बघितली. काल बी बघितली. आज परीक्षेच्या आधी द्यायचंच ठरवलं. पास झाल्यावर दिलं असतं तर साहेबांना वाटलं असतं, काम झालं अन् मग सांगितलं.”

मी तो कागद घडी करून माझ्या खिशात घालायला गेलो. “राहू दे,” म्हणालो, “हे दिलंस तर तुझी बी चौकशी लागंल. खोली जाईल हातची. लेकराचं काय करशील? माझ्या दोन पानांत सगळं आलंय.”

“त्यात तुमचं आलं असंल,” ती म्हणाली. “राउंड माझ्या बी मुठीत व्हता.”

तिनं माझ्या हातातून कागद घेतला, अगदी हळू, ओढून नव्हे. टोपी नीट केली आणि साहेबांच्या दारावर टकटक केली.